प्रोस्त्येयोवमध्ये सहा दिवस: पंधराव्या क्रमांकाच्या सामन्यालाही भिजवलेलं कोर्ट

गेल्या ऑगस्टात बाबा कोल्हापूरहून आमच्याकडे ब्रनोला आले, तेव्हा त्यांना आधी प्राग दाखवायचं की व्हिएन्ना, यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी माझ्या बारा वर्षांच्या लेकीनं निकाल लावला, "आजोबांना प्रोस्त्येयोवला नेऊ या." ती टेनिस खेळते. गेली तीन वर्षं आम्ही दोघी दर ऑगस्टात एखादा दिवस तरी तिथे जातोच. या वेळी तिघांनी मिळून सहाच्या सहा दिवस स्पर्धा पाहिली. युरोपात राहणाऱ्या, घरात खेळणारी मुलं असलेल्या मराठी मंडळींना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते आहे. आपल्याकडे स्पर्धा भरवणाऱ्या कुणाच्या वाचनात आलं, तर मला त्याहून आनंद होईल.

स्पर्धा म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची 'वर्ल्ड ज्युनियर टेनिस'. चौदा वर्षांखालच्या मुलामुलींची सांघिक विश्वविजेतेपदाची स्पर्धा. १९९१ मध्ये ती जपानात सुरू झाली आणि १९९९ पासून तिची अंतिम फेरी चेक प्रजासत्ताकातल्या मोराव्हिया भागात, प्रोस्त्येयोव या गावात होते. गाव म्हणजे जेमतेम पंचेचाळीस हजार वस्तीचं. ब्रनोहून गाडीनं तास लागत नाही. ओलोमोउत्सकडे जाणारी रेल्वे पकडली तर तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. नदाल लहानपणी स्पेनकडून इथे खेळून गेला आहे. पेत्रा क्विटोवा याच गावात सराव करून २०११ आणि २०१४ ला विम्बल्डन जिंकली. २०२५ मध्ये मायामीच्या अंतिम सामन्यात जोकोविचला हरवणारा याकुब मेन्शिक तर जन्मानंच इथला. एवढ्याशा गावाला हे कसं जमतं, याचं उत्तर मला या सहा दिवसांत थोडंफार मिळालं. तेही बाबांमुळे.

बाबा निवृत्त क्रीडाशिक्षक. चौतीस वर्षं त्यांनी शाळेच्या मैदानावर खो-खो आणि कबड्डीच्या आंतरशालेय स्पर्धा भरवल्या. कुठल्याही स्पर्धेला गेले की ते आधी खेळ बघतच नाहीत. पाण्याची सोय कुठे आहे, संडास स्वच्छ आहेत का, फक्की सरळ मारली आहे का, पुढच्या सामन्याची पोरं कुठे बसली आहेत, हे सगळं बघून झालं की मग ते बूड टेकतात. इथेही तसंच झालं. आम्ही दोघी पहिल्या सामन्यासाठी जागा पकडून बसलो आणि बाबा कुंपणाच्या कडेकडेनं एक पूर्ण फेरी मारून आले. आल्यावर म्हणाले, "माती कुठली गं ही? हात लावू देतील का?"

तर आधी मातीविषयी.

इथली कोर्टं मातीची आहेत. चेक लोक तिला 'आंतुका' म्हणतात. ती खरं तर शेतातली माती नसतेच. विटा दळून केलेली भुकटी असते ती, आणि तिचा वरचा थर जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. बाबांना तालमीतली लाल माती माहीत. त्यात ताक, हळद, तेल, लिंबू घालून ती मऊ ठेवायची आणि रोज खोऱ्यानं उकरायची. इथे नेमकं उलटं. ही भुकटी दाबून, पाणी मारून, घट्ट बसवावी लागते. कोरडी पडली तर वाऱ्यानं उडते, पाय घसरतो आणि चेंडू वेडावाकडा उसळतो. जास्त भिजली तर चेंडूला चिकटते आणि तो जड होतो. म्हणजे दिवसभर तिची मर्जी सांभाळायची. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी खेळ संपल्यावर पुन्हा भरपूर पाणी. मधेमधे लोखंडी दांडीला बांधलेली रुंद जाळी कोर्टावरून ओढायची आणि शेवटी पांढऱ्या पट्ट्या झाडूनं साफ करायच्या.

जाळी ओढायचीही रीत आहे. बाहेरून सुरुवात करून गोल गोल फिरत आत यायचं, म्हणजे कडेला उडालेली भुकटी परत मधे येते. घाईत असलेला माणूस मधूनच सुरू करतो आणि कुंपणाजवळचा भाग तसाच राहतो. दोन आठवड्यांत तिथे माती साचते आणि मधे खड्डा पडतो. हे मला लेकीकडून कळलं. तिच्या क्लबात आपलं खेळून झालं की जाळी आपणच ओढायची असा दंडक आहे, मग तुम्ही आठ वर्षांचे असा नाहीतर साठ. प्रोस्त्येयोवमध्येही सरावानंतर चौदा वर्षांच्या पोरी, पाठीवर संघाचं नाव असलेल्या जर्सीत, जाळी ओढताना दिसल्या. बाबा बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभे होते.

आता स्पर्धा कशी चालते ते सांगते, कारण यजमानाचा कस त्यातच लागतो. मुलांचे सोळा आणि मुलींचे सोळा संघ. प्रत्येक संघात तीन खेळाडू आणि एक कर्णधार. कर्णधार म्हणजे मोठा माणूस, प्रशिक्षक. एका लढतीत दोन एकेरी आणि एक दुहेरी. पहिले तीन दिवस चार-चार संघांच्या गटात प्रत्येकाशी खेळायचं. मग गटातल्या क्रमांकाप्रमाणे पुढचे तीन दिवस क्रमांकाच्या लढती. हिशोब केला तर रोज सोळा लढती, म्हणजे अठ्ठेचाळीस सामने आणि शहाण्णव मुलंमुली. हे सलग सहा दिवस.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट अशी, की इथे कुणी बाद होत नाही. पहिल्या तीन दिवसांत तिन्ही लढती हरलात तरी चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या दिवशी तुम्ही खेळताच. तेराव्यासाठी, पंधराव्यासाठी, पण खेळता. अर्ध्या जगाचा प्रवास करून आलेली पोरं सहा लढती खेळूनच घरी जातात. एरवी टेनिस हा फार एकटा खेळ आहे. चौदा वर्षांचं लेकरू पहिल्या फेरीत हरलं की दोन तासांत सगळं संपतं, आणि मग परतीच्या गाडीत आईबापाशेजारी गप्प बसून राहणं. मी माझ्या लेकीसोबत असे प्रवास केले आहेत. इथे कर्णधार कोर्टावरच्या बाकावर शेजारी बसलेला असतो, दर दोन गेमनंतर पाण्याची बाटली हातात देत चार शब्द बोलतो. कुंपणापलीकडे संघातली बाकीची दोघं घसा फोडून ओरडत असतात. स्पॅनिश बोलणाऱ्यांचं 'वामोस', चेक मुलींचं 'पोय्द!' (क्विटोवा हेच ओरडायची, आपल्या 'चल ये!' सारखं). दुसऱ्या दिवसापासून माझी लेकही सगळ्यांसाठी ओरडायला लागली. देश कुठलाही असो, मागे पडलेल्याच्या बाजूनं.

आणि हे सांगायलाच हवं: एकेरीचे दोन्ही सामने जिंकून लढत निकालात निघाली, तरी गटात दुहेरी मन लावून खेळली जाते, कारण गटात बरोबरी झाली तर एकूण किती सामने जिंकले हेही मोजलं जातं. त्यामुळे तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला कोर्टावर उतरायला मिळतं. संघातलं ते तिसरं पोर काय शिकतं, किती आतुरतेनं वाट बघतं, हे बघायचं असेल तर दुपारनंतर दुहेरीच्या कोर्टांवर बसा. मला तिथेच सगळ्यात चांगलं टेनिस दिसलं. सर्व्हिस करण्याआधी दोन डोकी एकत्र यायची, तोंडावर चेंडू धरून कुजबुज व्हायची आणि मग जाळ्याजवळच्या मुलानं अशी काही झेप घ्यावी की बाबांनी टाळ्या वाजवत उभं राहावं.

चौथ्या दिवशी दुपारी पाऊस आला. ऑगस्टातला मोराव्हियाचा पाऊस आपल्या वळवासारखा असतो. सकाळी कडक ऊन, दुपारी काळं आभाळ, वीस मिनिटं धो धो आणि पुन्हा ऊन. कोर्टांवर तळी साचली. सगळे आडोशाला गेले. मी घड्याळ बघत होते. बाबा मात्र कर्मचारी आता कुठल्या कोर्टापासून सुरुवात करतात ते बघत होते. त्यांचा अनुभव असा, की पावसानंतर आधी मुख्य मैदान सुकवतात आणि कडेच्या मैदानावरची शाळा संध्याकाळपर्यंत बसून राहते. इथे माणसं एकाच वेळी वेगवेगळ्या कोर्टांवर गेली. स्पंजाच्या रोलरनं पाणी टिपलं, खोलगट जागी थोडी कोरडी भुकटी पसरली, जाळी फिरवली, पट्ट्या झाडल्या. कडेच्या एका कोर्टावर खालच्या क्रमांकाची लढत चालली होती, ती मधल्या मोठ्या कोर्टाच्या आधी सुरू झाली. बाबांनी खिशातली छोटी वही काढून त्यात काहीतरी टिपलं. काय ते तेव्हा सांगितलं नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात. बाबा शाकाहारी. चेक देशात शाकाहारी माणसाचा हुकमी आधार म्हणजे 'स्माझेनी सिर', तळलेल्या चीजचा जाड तुकडा, सोबत बटाटे आणि टार्टर सॉस. दोन दिवस बाबांनी तो आवडीनं खाल्ला. तिसऱ्या दिवसापासून मी घरून मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी आणि दही नेलं. पिण्यासाठी कोफोला घ्या, शक्यतो नळाची. हे इथलं जुनं पेय आहे, काहीसं औषधी वनस्पतींच्या चवीचं, कोलापेक्षा कमी गोड. बाबांना त्यात आपल्या काढ्याची आठवण झाली आणि त्यांनी रोज एक ग्लास घेतला. उन्हाची टोपी, छोटी छत्री आणि बसायला पातळ उशी मात्र सोबत ठेवाच.

राहायचं म्हणाल तर दोन रात्री आम्ही गावातल्या एका छोट्या निवासात काढल्या. त्याचं नाव देत नाही. ऑगस्टात छताखालची खोली, खिडकी एकच, पंखाही नाही. बाबांना रात्रभर झोप लागली नाही. विचारल्यावर मालकांनी खांदे उडवले. उरलेले दिवस आम्ही ब्रनोहून जाऊन-येऊन केले आणि तेच बरं पडलं. सहाही दिवस राहायचं असेल तर खोली घेताना पंख्याचं आधी विचारून घ्या. भारतातून येणाऱ्यांसाठी सांगते: गावात प्रवासी विमानतळ नाही. व्हिएन्ना विमानतळ साधारण दोनशे किलोमीटरवर आहे आणि प्रागपेक्षा तोच सोयीचा.

आता शेवटच्या दिवसाबद्दल, ज्यासाठी मी हे लिहायला बसले.

शनिवारी मधल्या कोर्टावर अंतिम लढती होत्या. लोकांची गर्दी तिकडेच. बाबा म्हणाले, "मला पंधराव्या नंबरची लढत बघायचीय." मी जरा हिरमुसले, पण गेलो. देशांची नावं सांगत नाही, पोरं चौदा वर्षांची आहेत. एवढंच सांगते की दोन्ही संघ पाच दिवसांत एकही लढत जिंकलेले नव्हते. एका संघातला मुलगा तर आदल्या दिवशी सहा-शून्य, सहा-शून्य हरला होता. आम्ही तो सामना पाहिला होता आणि लेक त्या रात्री गाडीत फार काही बोलली नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा कोर्ट नुकतंच भिजवलेलं होतं. गडद, विटकरी, एकही पाऊलखूण नसलेलं. पट्ट्या झाडून पांढऱ्याशुभ्र. बाकावर कोरे टॉवेल, पाण्याच्या बाटल्या. दुसऱ्या सेटमध्ये एका चेंडूवरून वाद झाला, तर पंच खुर्चीवरून उतरले, त्या मुलाबरोबर चालत पट्टीपर्यंत गेले, वाकून मातीतली खूण बघितली आणि बोटानं दाखवून निर्णय दिला. निर्णय मुलाच्या विरुद्ध गेला. त्यानं मान हलवली आणि परत जाऊन सर्व्हिस घ्यायला उभा राहिला. आपलं म्हणणं कुणीतरी जागेवर येऊन, वाकून बघितलं, एवढं त्याला पुरलं. तो सामना त्यानं जिंकला, तिसऱ्या सेटमध्ये. कुंपणाबाहेर मोजून अकरा माणसं असतील. त्याचे दोन साथीदार आत धावले आणि तिघंही त्या लाल मातीत लोळले, जणू चषक त्यांनाच मिळाला होता.

बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्यांनी वही काढून मला दाखवली. पावसाच्या दिवशी लिहिलं होतं: "कडेचे मैदान आधी. पहिली पंगत."

पहिल्या पंगतीची गोष्ट मला माहीत होती. बाबांच्या स्पर्धेत जेवणाची पहिली पंगत त्या दिवशी हरलेल्या संघाची असे. मुख्याध्यापकांनी, पाहुण्यांनी कितीही खुणावलं तरी. जिंकलेल्यांना भूक कमी लागते, ते नाचत असतात. हरलेल्या पोराला लवकर जेवून घरी जायचं असतं, असं ते म्हणत. लहानपणी मला हा त्यांचा हट्ट वाटायचा. माझ्या भाच्याच्या वेळी त्याचं मोल कळलं. आपल्या देशातल्या एका शहरात तो चौदा वर्षांखालच्या स्पर्धेला गेला होता. पहिल्या फेरीत हरला. हरलेल्यांसाठी वेगळे सामने ठेवतो म्हणून सगळ्यांना थांबवून घेतलं होतं. दुपारी पाहुणे येणार म्हणून ते सामने पुढे ढकलले, संध्याकाळी रद्द केले. पाण्याचे जार दोन वाजताच संपले होते. घरी आल्यावर त्यानं रॅकेट कपाटावर टाकली ती चार महिने काढली नाही. माझ्या मनात तो राग अजून आहे, आणि प्रोस्त्येयोवच्या त्या कडेच्या कोर्टावर बसून तो जास्तच झाला, कारण हे अवघड नाही हे डोळ्यांसमोर दिसत होतं. लागतं काय? पाण्याची नळी, जाळी, झाडू, वेळापत्रक, आणि ते सगळ्यांना सारखंच लावायची तयारी.

आपल्याकडे जमणार नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीला बिली जीन किंग कपच्या आशिया-ओशनिया गटाच्या लढती झाल्या. मोठ्या स्त्रियांचे देशोदेशीचे संघ तिथे येऊन खेळले आणि गेले. भारताच्या चौदा वर्षांखालच्या संघांनाही प्रोस्त्येयोवला यायचं तर आधी आशिया-ओशनियाची पात्रता फेरी पार करावी लागते. ती फेरी कधी बालेवाडीत व्हावी, आणि तिथल्या शेवटच्या क्रमांकाच्या लढतीला मी लेकीला घेऊन जावं, अशी माझी फार इच्छा आहे. कर्णधारांची खुर्ची, पंचांची छत्री, झेंडे हे सगळं आपण मांडूच. मला बघायचा आहे तो चौथ्या दिवसाच्या दुपारी कडेच्या कोर्टावरचा पाण्याचा जार.

तारे द्यायचेच तर माझे पाच. खेळासाठी साडेचार दिले असते, कारण चौदा वर्षांची मुलं कधी कधी फार घाबरून खेळतात. पण ती जशी सांभाळली जातात त्यासाठी पाच. एकच दिवस काढता येत असेल तर अंतिम लढतीचा नका निवडू. गटाचा दुसरा किंवा तिसरा दिवस निवडा, सकाळी लवकर जा, पहिलं पाणी मारताना बघा.

संध्याकाळी निघताना बाबांनी लेकीला दुभाषी करून जाळी ओढणाऱ्या काकांना गाठलं. ते साठीचे असतील. बाबांनी विचारलं, दांडी किती लांब, जाळी एकेरी की दुहेरी, किती वर्षं टिकते. काकांनी जाळी उलटी करून दाखवली, दोन थर कसे शिवलेत ते दाखवलं आणि मग दांडी सरळ बाबांच्या हातात दिली. बाहत्तर वर्षांच्या बाबांनी चपला काढल्या, बाहेरच्या कडेपासून सुरुवात केली आणि गोल गोल फिरत सगळं कोर्ट ओढून काढलं. काका पट्ट्या झाडत त्यांच्या मागून येत होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि त्यांचं काही अडलं नाही.

आता बाबा कोल्हापूरला परतलेत. गेल्या रविवारी फोन आला. उद्यमनगरात एका ओळखीच्या वेल्डरकडे दांडीचं माप दिलंय. शाळेच्या कबड्डीच्या मैदानाला जाळी करून घेतायत. माप बरोबर आहे ना, तेवढं लेकीनं तिच्या क्लबात मोजून कळवावं, असा निरोप आहे. ती बुधवारी टेप घेऊन जाणार आहे.